गोव्याची यात्रा : उतरावे कोठे, फिरावे कसे आणि पाण्यात किती शिरावे

भाद्रपदाची झड ओसरली आणि कपाशीला बोंडे धरू लागली, म्हणजे आमच्या चांदनी-नेपानगर भागातील ख्रिस्ती घरांतून गोव्याच्या यात्रेच्या गोष्टी सुरू होतात. कोणी नवस बोललेला असतो, कोणाच्या आजीला डोळे मिटण्यापूर्वी संत फ्रान्सिस झेवियरच्या पेटीसमोर गुडघे टेकावयाचे असतात, आणि मुलांना (हे कोणी स्पष्ट बोलत नाही, पण सर्वांस ठाऊक असते) समुद्र पाहावयाचा असतो. सातपुड्याच्या कुशीत राहणाऱ्या माणसाला समुद्राची ओढ वाटावी यात गैर काहीच नाही. यात्रेला जाऊन समुद्र पाहणे म्हणजे भक्तीत भेसळ करणे होय, असे म्हणणारे काही वडीलधारे आपल्यात आहेत. त्यांचे मत मला मान्य नाही. प्रभू येशूने आपले पहिले शिष्य पाण्याच्या काठावरूनच निवडले होते. प्रश्न समुद्र पाहावा की नाही हा नसून, वर्षभराची शिल्लक गाठीला बांधून निघालेले बारा-चौदा माणसांचे कुटुंब धडपणे जाऊन धडपणे घरी कसे परत येईल, हा आहे.

प्रथम प्रवासाविषयी. आमच्या चांदनी स्थानकावरून गाड्या जातात फार, थांबतात थोड्या. मे २०२१ मध्ये तर भरधाव गेलेल्या पुष्पक एक्स्प्रेसच्या हादऱ्याने स्थानकाच्या इमारतीचा दर्शनी भागच खाली आला, हे आपण सारे जाणतोच. गोव्याला जाणाऱ्या दोन रोजच्या गाड्या आपल्या याच रुळांवरून धावतात, परंतु त्यांसाठी भुसावळ गाठावे हे सर्वांत सोयीचे. एक, हजरत निजामुद्दीनहून वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेस. ती मनमाड, दौंड, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा या मार्गाने घाट उतरून गोव्यात शिरते. दुसरी, एर्नाकुळमला जाणारी मंगला एक्स्प्रेस. ती नाशिक, कल्याण, पनवेल करून कोकण रेल्वेने मडगावास पोचते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. त्यापूर्वी आपल्याला घाटाचा एकच रस्ता होता, आणि तोही १९५५ साली गोव्याशी रेल्वे-व्यवहार बंद पडल्यावर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत कॅसलरॉकपाशीच अडला होता. आजच्या यात्रेकरूने हे आठवावे, म्हणजे एका बाकावर दोघांनी बसण्याची अडचण थोडी हलकी वाटेल.

माझे मत गोवा एक्स्प्रेसकडे झुकते, आणि त्याचे कारण तिकिटाचे नसून घड्याळाचे आहे. ती सकाळी भुसावळ सोडते आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या सुमारास मडगावास पोचते. परक्या गावात पहाटे उतरणे आणि रात्री उतरणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहाटे उतरलेला माणूस स्थानकावर तोंड धुतो, चहा घेतो आणि दिवसाउजेडी जागा पाहून पसंत-नापसंत करू शकतो. रात्री उतरलेला माणूस समोर जो हात धरील त्याच्यामागे जातो. शिवाय परतीची गाडी दुपारी सुटत असल्याने दूधसागरचा धबधबा उजेडी दिसण्याचा संभव अधिक. जाताना तो बहुधा अंधारातच मागे पडतो.

चार वर्षांमागे आमच्याच भागातील चौदा माणसांचा एक मेळा असा रात्री उतरला होता. त्यांची जागा कोणा दलालाने दूरध्वनीवरून ठरविली होती आणि "समुद्राला लागून" एवढेच शब्द त्यांच्या कानी पडले होते. प्रत्यक्षात ती जागा समुद्रापासून तीन किलोमीटरांवर, शेतांच्या मध्ये निघाली. खोल्या दोन; बायका एकीत, पुरुष एकीत, आणि आजोबा व्हरांड्यात. जवळून बस नव्हती. दर खेपेस दोन मोटारी कराव्या लागत. तिसऱ्या दिवशी पैसे संपत आले तेव्हा त्यांनी हिशेब केला आणि जुन्या गोव्याला जाणे एका वेळेवर आणले. सणाच्या मिस्सेला ते पोचले ते अखेरच्या आशीर्वादाच्या वेळी. त्या आजोबांनी मला परत आल्यावर एवढेच सांगितले, "फादर, पेटी लांबून दिसली." मला त्या वाक्याचे जितके वाईट वाटले तितके गेलेल्या पैशांचेही वाटले नाही.

तेव्हा जागा निवडताना पहिला प्रश्न "भाडे किती?" हा नसावा, "येथून बस कोठून व किती वेळाने मिळते?" हा असावा. गोव्यात स्वस्त खोली आणि महाग रस्ता अशी जोडी फार आढळते. कुटुंब मोठे असेल तर ती खोली शेवटी महागच पडते.

गोव्याच्या बसव्यवस्थेची आपल्या लोकांस कल्पना नसते म्हणून थोडे सांगतो. सरकारी बसगाड्या कदंब महामंडळाच्या. हे महामंडळ १९८० साली स्थापन झाले. त्यांच्या जोडीला खाजगी लहान बसगाड्या गावोगाव धावतात, आणि त्यांचा वाहक दारात लोंबकळत गावांची नावे ओरडत असतो. पणजी, मडगाव, म्हापसा आणि वास्को ही चार मोठी बसस्थानके. यांपैकी एकापासून दुसरीकडे जावयास दिवसभर गाड्या मिळतात, परंतु तिथून किनाऱ्यावरच्या गावांकडे जाणाऱ्या बसगाड्या अंधार पडल्यावर विरळ होतात. म्हणून सायंकाळचा बेत आखताना आधी परतीची शेवटची बस विचारावी, मग सूर्यास्त पाहावा. एकट्यादुकट्या पुरुषासाठी 'पायलट' असतात, म्हणजे काळ्या-पिवळ्या रंगाच्या मोटारसायकलीवर मागे बसवून नेणारे भाड्याचे चालक. ही गोव्याची खास रीत आहे. भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. मोटारीचे भाडेही तसेच आधी ठरवावे. २०१८ पासून भ्रमणध्वनीवरून मोटार मागविण्याची 'गोवा माइल्स' नावाची सेवा आहे. घरातील एखाद्या शिकलेल्या मुलामुलीने ती समजून घेतली तर म्हाताऱ्यांचे पाय वाचतील.

भाड्याने दुचाकी घेण्याचा मोह तरुणांस होतो. त्याविषयी दोनच गोष्टी. भाड्याने देण्याची परवानगी असलेल्या दुचाकीची क्रमांकपट्टी काळी व अक्षरे पिवळी असतात. पांढऱ्या पट्टीची खाजगी गाडी कोणी देऊ लागला तर घेऊ नये, अपघात झाल्यास विम्याचा घोळ चालविणाऱ्याच्या गळ्यात पडतो. आणि शिरस्त्राण डोक्यावर घालावे, आरशाला अडकवू नये.

आता मुक्कामाविषयी. यात्रेकरू कुटुंबापुढे साधारण तीन वाटा असतात.

जुन्या गोव्यातच उतरावे, असे प्रथम मनात येते. ते स्वाभाविक आहे, कारण बॉम जेझू बॅसिलिका आणि तिच्यासमोरचे से कॅथेड्रल ही यात्रेची दोन मुख्य स्थाने हाकेच्या अंतरावर आहेत. बॅसिलिकेचा पाया १५९४ साली घातला गेला व १६०५ साली तिचे अर्पण झाले. १९८६ पासून ही मंदिरे जागतिक वारशाच्या यादीत आहेत. परंतु जुने गोवे हे आज नावापुरते शहर आहे. एकेकाळी भरभराटलेल्या त्या राजधानीतून रोगराईमुळे लोक हळूहळू उठून गेले, आणि राहिली ती बहुतांशी मंदिरे व झाडी. तेथे राहण्याच्या जागा थोड्या, आणि नोव्हेनाच्या दिवसांत, म्हणजे २४ नोव्हेंबर ते २ डिसेंबर, तसेच ३ डिसेंबरच्या सणाला, त्या मिळणे दुरापास्तच. दर दहा वर्षांनी संताचे पवित्र अवशेष दर्शनासाठी खाली आणतात तेव्हाची गर्दी तर निराळीच. मागील दर्शनसोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असा झाला. यापुढचा सोहळा दहा वर्षांच्या क्रमाने २०३४ मध्ये येईल. तोवर पेटी तिच्या नेहमीच्या उंच जागीच पाहावयाची आहे, हे म्हाताऱ्या माणसांस आधी सांगून ठेवावे. चांदीची ती पेटी गोव्याच्या कारागिरांनी सतराव्या शतकात घडविली आणि तिच्याखालचा संगमरवरी चौथरा इटलीतील टस्कनीच्या राजाने पाठविला. दर्शनास जाताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत. आपल्या बायकांना हे सांगावे लागत नाही, मुलांना लागते.

दुसरी वाट पणजीची. माझ्या मते ज्या कुटुंबात म्हातारी माणसे व लहान मुले दोन्ही आहेत त्याला हीच बरी. पणजी ते जुने गोवे सुमारे दहा किलोमीटर, बसगाड्या सतत. राहण्याची जागा बसस्थानकापासून पायी चालण्याजोगी पाहावी. पणजीलगतच मिरामारचा किनारा आहे. तेथे मुलांना वाळू मिळते आणि आजीला बसावयास कट्टा. गोवा पर्यटन विकास महामंडळाची निवासगृहे पणजी व मिरामार येथे आहेत. त्यांचा दर छापील असतो, हा मोठा गुण. दिवसभर मंदिरे पाहून दमलेल्या माणसाला शेवटी भिंती पांढऱ्या आणि दर ठरलेला असला म्हणजे पुरे होते.

तिसरी वाट प्रत्यक्ष समुद्रकाठची. येथे मात्र उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा यांतील भेद समजून घ्यावा. कळंगुट, बागा ही उत्तरेची नावे सर्वांच्या तोंडी असतात. तेथील वाळू चांगली आहे. परंतु रात्रीचे वाद्यसंगीत, मद्यपान आणि गर्दी यांमुळे तेथे लेकरांना झोप लागणार नाही आणि बापाला चैन पडणार नाही. दक्षिणेकडे मडगावपासून सहा-सात किलोमीटरांवर कोलवा आहे व त्याच्या शेजारी बाणावली. कोलव्याच्या दयामातेच्या चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती आहे. ऑक्टोबरात तिच्या 'फामा'ला सर्व जातिधर्मांचे लोक रांग लावतात. बाणावली हे तर संत जोसेफ वाझ यांचे जन्मगाव. २१ एप्रिल १६५१ रोजी तेथे जन्मलेला हा गोमंतकीय धर्मगुरू डच सत्तेच्या छळाच्या काळात भिकाऱ्याच्या वेषात सिंहलद्वीपात शिरला, तेथील लपूनछपून जगणाऱ्या ख्रिस्तसभेला त्याने पुन्हा उभे केले, आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद दिले. झेवियर दूरच्या देशाहून आपल्याकडे आले. हे आपल्यातून बाहेर गेले. आपले लोक गोव्याला जातात आणि या संताच्या गावावरून मोटार हाकून पुढे निघून जातात, याचा मला नेहमी खेद वाटतो. ज्या कुटुंबाचे चार दिवस असतील त्याने दोन दिवस पणजीस व दोन बाणावली-कोलव्यास काढावे, अशी माझी शिफारस आहे. मडगावची गाडीही तेथून जवळ पडते.

नाताळ ते नववर्ष हे दिवस टाळावेत. भाडी त्या वेळी कितीतरी पटींनी चढतात. खोली घेताना प्रत्येक प्रौढ माणसाचे आधारपत्र दाखवावे लागते. आजीचे आधारपत्र पेटीच्या तळाशी राहून गेले या कारणावरून दारात तासभर ताटकळलेली मंडळी मी पाहिली आहेत. आगाऊ रक्कम द्यावीच लागली तर थोडी द्यावी, पावती घ्यावी, आणि जागेचा पत्ता विचारताना "समुद्रापासून किती लांब?" याबरोबर "कोणत्या चर्चजवळ?" हेही विचारावे. गोव्यातील कोणीही माणूस चर्चवरून पत्ता सांगू शकतो. दलालाला तेवढे सांगता आले नाही तर समजावे.

समुद्रकाठी राहणे म्हणजे केवळ खोली निवडणे नव्हे, तर कोणत्या पाण्याशेजारी राहावयाचे हे निवडणे आहे. मेक्सिको देशात पॅसिफिक महासागराच्या काठी पोर्तो एस्कोंदिदो नावाचे गाव आहे. फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येण्याचा जो खेळ आहे, त्यासाठी जगभरचे तरुण तेथे जातात. त्या गावाच्या सिकातेला नावाच्या किनाऱ्यावर लाटा अशा प्रचंड फुटतात की कसलेल्या खेळाडूखेरीज कोणी पाण्यात शिरू नये. आणि त्याच गावात कारिसालिल्यो नावाची एक लहानशी खाडीवजा चंद्रकोर आहे, जेथे नवशिके व मुलेबाळे डुंबतात. गाव एक, पाणी दोन. तेथे उतरणारा शहाणा माणूस आधी पाणी विचारतो, मग खोली. हा फळीचा खेळ आता गोव्यातही हरमलसारख्या किनाऱ्यांवर शिकवितात. आपल्या मुलांनी तो पाहावा. शिकावयाचाच असेल तर शिक्षकाखेरीज शिकू नये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख मुख्यत्वे लिहावयास घेतला ती सांगतो. वर ज्या चौदा माणसांच्या मेळ्याचा उल्लेख केला त्यात एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. तापीचा पट्टीचा पोहणारा. पुराच्या दिवसांत ओंडके ओढून आणणारा. समुद्रात तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता. पाहता पाहता पाय उचलले गेले. तो किनाऱ्याकडे हात मारीत राहिला आणि किनारा लांब जात राहिला. जीवरक्षकाने त्याला ओढून काढले तेव्हा तो दमून गेला होता, बुडाला नव्हता, एवढेच. त्याची आई तेव्हापासून पाण्याच्या आवाजानेही दचकते.

हे का घडते ते प्रत्येक घरात माहीत असले पाहिजे. लाटा किनाऱ्यावर पाणी आणून टाकतात. ते पाणी कोठून तरी परत जाणारच. वाळूच्या बांधात जेथे सखल खाच असते तेथून ते अरुंद पण जोरदार ओघाने समुद्राकडे धावते. नवख्या माणसाची फसगत अशी होते की हीच जागा वरून शांत दिसते. दोन्ही बाजूंस लाटा फुटून फेस होत असतो आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही. आई म्हणते, "तिथे नको, लाटा आहेत, इकडे ये," आणि लेकराला नेमके त्या ओघात उभे करते. हा ओघ माणसाला खाली ओढीत नाही, आत नेतो. त्याच्या विरुद्ध पोहणारा, मग तो कितीही बलवान असो, थकतो, आणि थकलेला बुडतो. म्हणून नदीत पोहणाऱ्या आपल्या मुलांना धोका अधिक. न पोहणारा मुळात इतका आत जातच नाही. ओघात सापडल्यास अंग सैल सोडून तरंगावे, एक हात वर करून हाक मारावी, आणि पोहावयाचेच तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे. ओघ अरुंद असतो. त्याच्या बाहेर पडल्यावर लाटाच काठाकडे आणतात. बुडणाऱ्यामागे दुसऱ्याने उडी घेऊ नये. भावाला वाचवावयास गेलेला भाऊही जातो, हे वर्तमानपत्रांतून आपण वारंवार वाचतो. दोर, ओंडका, हवा भरलेले चाक, जे हाती लागेल ते फेकावे आणि जीवरक्षकास बोलवावे.

गोव्याच्या किनाऱ्यांवर २००८ पासून 'दृष्टी' या संस्थेचे जीवरक्षक सरकारने नेमलेले आहेत. लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्ये पाण्यात उतरावे; नुसते लाल निशाण असेल तर उतरूच नये. जून ते सप्टेंबर पाण्यात शिरणे सर्वस्वी टाळावे. पोटात दारू असताना तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नये. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते; सकाळी जेथे चपला ठेवल्या तेथे दुपारी पाणी येते, ते वेगळेच. हवा भरलेल्या चाकात मूल बसवून निर्धास्त होऊ नये. पहाटे-सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे ते चाक हळूच आत नेतात, आणि आईला वाटते मूल तेथेच आहे. लहानांचा हात धरलेला असावा, आणि प्रत्येक दोन मुलांमागे कोरड्या कपड्यांत काठावर उभे राहणारे एक मोठे माणूस असावे. नऊवारी-सहावारी नेसलेल्या बायकांनी घोट्यापलीकडे जाऊ नये. भिजलेले लुगडे पायांत गुरफटले म्हणजे लहानशी लाटही आडवी पाडते. आमच्या मावश्या यावर हसतात. हसोत.

यंदाच्या सणासाठी जाऊ इच्छिणाऱ्यांस सूचना. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठच दिवस आधी उघडते. पूर्वीचे एकशे वीस दिवस आता नाहीत. ३० नोव्हेंबरला भुसावळ सोडावयाचे असेल तर खिडकी १ ऑक्टोबरला सकाळी उघडेल, आणि यात्रेच्या दिवसांत जागा लवकर भरतात. तेव्हा आपली नावे, वये व आधारपत्रांच्या प्रती सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी मिस्सेनंतर आपल्या उपदेशकाकडे द्याव्यात. साठीवरील माणसांच्या नावापुढे तशी खूण करावी, म्हणजे खालच्या बाकासाठी प्रयत्न करता येईल. पोहता येणाऱ्या मुलांची नावे निराळ्या कागदावर लिहावीत. निघण्यापूर्वी मी त्यांच्याशी घटकाभर बोलणार आहे.